पाच टक्यांचं दही

बांगलादेशातलं बोगरा दह्यासाठी आधीपासूनच नावाजलेलं. तिथं जाऊन दानोन या फ्रेंच कंपनीनं दह्याचा कारखाना काढावा, यात थोडी गंमत आहे. हेतू मात्र गंभीर होता. ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस आणि दानोनचे प्रमुख फ्रांक रिबू २००५ मध्ये पॅरिसला भेटले आणि पुढच्याच वर्षी ‘ग्रामीण दानोन’ स्थापन झाली. कुपोषित मुलांसाठी लोह, जस्त, आयोडीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व घातलेलं ‘शक्ती दोई’ बनवायचं, दूध आसपासच्या लहान गोपालकांकडून घ्यायचं, विक्री गावातल्या बायकांनी दारोदार फिरून करायची आणि नफा पुन्हा कामातच घालायचा. ८० ग्रॅमच्या कपाची किंमत होती ५ बांगलादेशी टके.

कागदावर या योजनेत खोट काढणं अवघड होतं. पण २००८ मध्ये दुधाचे भाव भडकले आणि कंपनीनं कप ८ टक्यांना केला. कारखान्याच्या हिशोबात ही वाढ अटळ होती. खेड्यातल्या आईला मात्र त्याच सुमारास तांदूळही महागात पडत होता. खेड्यांतला खप कोसळला. कपामागे कमिशन मिळवणाऱ्या बायकांची कमाई आटली, तशी त्यांनीही टोपल्या खाली ठेवल्या. मग ६० ग्रॅमचा कप ६ टक्यांना आला आणि ढाक्यातल्या दुकानांत तेच दही चढ्या दरानं विकायला सुरुवात झाली. अशा पन्नासेक कारखान्यांचं जाळं विणायचं स्वप्न होतं. उभा राहिला तो बोगऱ्याचा एकच.

गरिबी हटवायला निघालेल्या उद्योगांच्या आराखड्यांत लाभार्थी किती, रोजगार किती, हे ठळक अक्षरांत असतं. कच्चा माल महागला तर तो भार कुणी सोसायचा, याला बहुधा एक ओळही मिळत नाही. आणि आराखड्यात ते ठरलं नसेल, तर भार आपोआप सर्वात कमकुवत गिऱ्हाइकावर जाऊन पडतो. काही ठिकाणी तर गिऱ्हाइकाला विचारलेलंही नसतं. दक्षिण आफ्रिकेत मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या जोरावर पाणी वर चढायचं, असा ‘प्लेपंप’ निघाला. २००६ मध्ये त्याला अमेरिकेतून कोट्यवधी डॉलरांचा पाठिंबा जाहीर झाला. पुढे मुलं कंटाळली आणि चक्र ढकलायला बायाच उरल्या. साधा हातपंप त्यांना परवडला असता.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयात भार कुणी सोसायचा हा प्रश्न जास्त धीरानं हाताळला गेला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर काम सुरू केलं, तेव्हापासून पैसे देणारे रुग्ण त्यांच्या रचनेत होते. संकट आल्यावर त्यांना शोधायची वेळ आली नाही. त्या पैशावर इतरांचे मोतीबिंदू निघत. पण मला जास्त मोलाची वाटते ती त्यांच्या शिबिरांतली गोष्ट. शस्त्रक्रिया फुकट आहे असं सांगूनही कितीतरी रुग्ण फिरकत नसत. त्यांना अडवत होतं बसचं भाडं, बाहेरचं जेवण आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी. तेव्हा शिबिरातून बसनं नेणं, जेवू घालणं, परत आणून सोडणं हा उपचाराचाच भाग धरला गेला. पुढे १९९२ मध्ये ‘अरोलॅब’ काढून डोळ्यात बसवायचं भिंगही त्यांनी स्वतः बनवायला घेतलं, कारण आयात भिंगाच्या किमतीत हा हिशोब जुळणारच नव्हता.

ग्रामीण दानोनवर एक टीका नेहमी होते: खेड्यासाठी निघालेलं दही शेवटी शहरात विकलं. मला ती पटत नाही. शहरातल्या खिशातून गावातल्या मुलाचा कप स्वस्त होत असेल, तर तो मार्ग धरायलाच हवा. तक्रार करायचीच तर ती अशी, की ढाक्याचं दुकान पहिल्या दिवसाच्या आराखड्यात नव्हतं. ते असतं, तर २००८ ची ती तीन टक्यांची वाढ निदान काही काळ ढाक्यानं सोसली असती.