अंदाज आणि गैब

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडील कित्येक कुटुंबांना परळच्या टाटा रुग्णालयाची वाट ठाऊक आहे. त्याच संस्थेचे संशोधन केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. कर्करोगाच्या अशा वाटेवर आता एक नवा नैतिक प्रश्न उभा राहतो. समजा, तळपायाच्या काळ्या डागातून उद्भवलेला मेलानोमा घरातील वडीलधाऱ्यांच्या शरीरात पसरला आहे. इम्युनोथेरपीचा खर्च लाखोंचा. आणि ती कोणाला लागू पडेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. मग बागायत विकावी काय?

शरीराच्या रक्षक पेशींना एक लगाम असतो. कर्करोग तो खेचून धरतो, औषध तो सैल करते. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत पसरलेल्या मेलानोमाचे सुमारे निम्मे रुग्ण ५ वर्षांनंतर हयात होते. तळपायाच्या मेलानोमात मात्र गुण तुलनेने कमी येतो. गाठीवरील पीडी-एल१ हे प्रथिन, जनुकांतील बदलांची संख्या, गाठीत शिरलेल्या रक्षक पेशी यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. तरीही चिन्हे अनुकूल असून औषध निष्फळ ठरते, प्रतिकूल असून गुण येतो.

कोणी म्हणेल, गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. मग असा अंदाज ऐकावाच कशाला? परंतु डॉक्टर गैबचा दावा करीत नाहीत. ते शंभर रुग्णांविषयी बोलतात; त्यांतील एकाच्या तकदीरविषयी नव्हे. वारा पाहून होडी किनाऱ्यावर ठेवणाऱ्या कोळ्याला आपण ईमानात उणा म्हणत नाही. शामच्या सीमेवरून, प्लेगची वार्ता ऐकून, हजरत उमर (रजि.) माघारी फिरले, तेव्हा त्यांनीही हेच समजावले, की हे एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जाणे आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या उपचाराचा लाभ संशयास्पद आहे, तो घेणे बहुसंख्य फकीह अनिवार्य मानत नाहीत. म्हणजे लाभाची शक्यता किती, हे विचारणे हा धर्माबाहेरचा प्रश्न नाही. निर्णयच त्यावर अवलंबून आहे. म्हणून जो जाणूनबुजून, मशवरा करून, महागडे औषध नाकारतो, त्याला तवक्कुल सोडल्याचा दोष देऊ नये. आणि जो अल्प आशेवर ते घेतो, त्याला नादान म्हणू नये.

दोष दुसरीकडेच आहे. “अब्बांना सांगू नका,” असे म्हणत आपण तो अंदाज रुग्णापासून दडवतो. तो ज्याच्या देहाविषयी आहे, त्याची ती अमानत आहे. कर्ज फेडायचे, वसीयत करायची, रुसलेल्या भावाला जवळ बोलवायचे, यासाठी त्याला वेळ हवा असतो. दयेच्या नावाखाली तो वेळ हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, घरात मशवरा करा, अखेरचा शब्द रुग्णाचा असू द्या. अंदाज माणसाचा आहे, शिफा अल्लाहच्या हाती आहे. आणि दुआ दोन्ही वाटांवर सोबत चालते.