अठरा सेकंद

गेल्या नोव्हेंबरात मी एक रायफल विकत घेतली. आईला अजून सांगितलेलं नाही. मी टेक्सासात राहतो, कोड लिहून पोट भरतो आणि डासापलीकडे आयुष्यात कशाचीही शिकार केलेली नाही. तरी माझ्याकडे शिकारीचा परवाना आहे. अमेरिकेत माझ्यासारख्या एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक घेता येत नाही. शिकारीचा परवाना असला तर घेता येते. मग ऑनलाइन कोर्स केला, परवाना काढला, दुकानात फॉर्म भरला, चौकशी पार पडली आणि ऐंशी वर्षं जुनी लष्करी रायफल डिकीत टाकून घरी आणली. भारतात या बोअरची रायफल मला कायद्याने ठेवताच आली नसती.

रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. आपल्याकडे तिला सगळे 'थ्री नॉट थ्री' म्हणतात. सैन्याला नवी शस्त्रं मिळाली की जुनी भंगारात किंवा लिलावात जातात, आणि त्यातली पुष्कळशी फिरत फिरत अमेरिकेतल्या हौशी लोकांकडे येतात. माझ्या रायफलीच्या दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट कोरलेला आहे. त्याखाली 'जी.आर.आय.' म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज, त्याखाली 'इशापूर', आणि त्याखाली १९४३. कलकत्त्याजवळच्या कारखान्यात, बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी घडलेली ही वस्तू. सोबत मिळालेल्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरं होती. के.एफ. म्हणजे खडकी. माझी शाळेची बस ज्या फॅक्टरीच्या भिंतीलगत जायची, तिथली काडतुसं मी डॅलसबाहेरच्या रेंजवर भरत होतो.

घेतली कशासाठी? मित्रांना मी सांगतो, इतिहासाची आवड. ते खोटं नाही, पण पुरेसं खरंही नाही. आमच्या घरी आजोबांचा एक फोटो आहे. अर्धी चड्डी, निळी-पिवळी टोपी (फोटो कृष्णधवल आहे, रंग बाबांनी सांगितलेले) आणि हातात थ्री नॉट थ्री. आजोबा मुंबई पोलिसात शिपाई होते. १९५५ साली भरती झाले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्याच नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रवाल्यांवर गोळीबार झाला आणि पुढच्या जानेवारीत मुंबईभर झाला. त्या दिवसांत आजोबा बंदोबस्तावर होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कुणी विचारलं नाही.

मी रायफल घेतल्यावर बाबांना फोन केला आणि विचारलं, "बाबा, आजोबा त्याबद्दल तुमच्याशी कधी बोलले का?"

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "एकदाच. म्हणाले, आम्ही वर मारल्या." आणि लगेच, "तू असली खेळणी कशाला आणतोस रे घरात?"

'आम्ही वर मारल्या.' मला वाटतं, गोळीबाराच्या हुकमाखाली उभा राहिलेला प्रत्येक माणूस नंतर घरी हेच सांगत असावा. सगळ्यांनी वर मारल्या, तर हुतात्मा चौकातलं स्मारक कुणाचं आहे?

आता यंत्राविषयी सांगतो, कारण माझा प्रश्न यंत्रातूनच आला. ही बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. एक गोळी झाडली की ती आपोआप दुसरी भरत नाही. हाताने बोल्टची मूठ वर उचलायची, मागे खेचायची, रिकामी पुंगळी बाहेर उडते. मग बोल्ट पुढे ढकलायचा, नवी गोळी आत जाते. मूठ खाली दाबायची. पुन्हा नेम, पुन्हा श्वास, पुन्हा चाप. ली-एनफिल्डचा बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात. तरबेज ब्रिटिश सैनिकाकडून तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. मी तरबेज नाही, खांदा दुखतो, तरी मला एका गोळीला सहा-सात सेकंद लागतात.

यंत्र म्हणून ती सुंदर आहे, आणि हे मान्य करताना मला संकोच वाटतो. रेंजवरचे लोक म्हणतात, वस्तू निष्पाप असते, दोष हाताचा. पण माझ्या रायफलीच्या नेमपट्टीवर आकडे दोनशे यार्डांपासून दोन हजारांपर्यंत आहेत. दोन हजार यार्डांवर माणूस ठिपक्याएवढाही दिसत नाही. तो आकडा जमावासाठी आहे, एका माणसासाठी नाही. वस्तू कशासाठी आहे ते तिच्यावर कोरलेलं असतं. ती निष्पाप नाही. पण तिच्यावर ढकलून हात मोकळा होतो का, हा वेगळा प्रश्न.

एका शनिवारी रेंजवरून परतल्यावर मी एक साधं गणित केलं. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायरच्या पन्नास शिपायांनी गोळ्या झाडल्या, याच जातीच्या .३०३ रायफलींनी. शिपाई हिंदी सैन्यातलेच होते. एकूण गोळ्या १६५०, वेळ साधारण दहा मिनिटं. सरकारी आकड्यानुसारही ३७९ माणसं मेली. आकडे शाळेत पाठ केलेले, पण भागाकार कधी केला नव्हता. माणशी तेहतीस गोळ्या. म्हणजे मॅगझिन मध्ये तीनदा तरी भरावं लागलं. आणि सहाशे सेकंदांत तेहतीस, म्हणजे सरासरी अठरा सेकंदांना एक गोळी.

पुढच्या शनिवारी मी फोनवर घड्याळ लावून अठरा सेकंदांना एक या वेगाने गोळ्या झाडून पाहिल्या. अठरा सेकंद फार मोठे असतात. बोल्ट ओढून, नेम धरून, सगळं होऊन दहा-बारा सेकंद उरतात. समोरचा कागद नीट दिसतो. आधीचं भोक कुठे पडलं ते कळतं. वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. माझ्या डोक्यात जालियनवालाचं जे चित्र होतं, बेभान, धडाधड, ते तिथे मोडलं. ते सावकाश झालं होतं. डायरने मशिनगन बसवलेल्या दोन गाड्याही आणल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. मशिनगन चालली असती तर चाप एकदा दाबला आणि पुढचं यंत्राने केलं, असं म्हणायला जागा होती. बोल्ट-ॲक्शनने ती जागा ठेवली नाही. प्रत्येकाने तेहतीस वेळा स्वतःच्या हाताने पुन्हा सुरुवात केली.

यावर उत्तर असं देता येईल की हुकूम म्हणजे हुकूम, शिपायाच्या हातात काय असतं? पण अकरा वर्षांनी, २३ एप्रिल १९३० ला, पेशावरला किस्साखानी बाजारात गढवाल रायफल्सच्या शिपायांना निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम मिळाला. चंद्रसिंह गढवालींच्या मागे त्यांनी तो नाकारला. सैन्य तेच होतं, शिस्तही तीच. त्यांच्यावर कोर्टमार्शल झालं, गढवालींना जन्मठेप झाली. म्हणजे किंमत भयंकर होती, पण 'नाही' म्हणता येत होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा धंदाच मधली पायरी काढून टाकण्याचा आहे. 'खात्री आहे का?' असं विचारणारी खिडकी काढा, लोक कंटाळतात. माणसाची मंजुरी काढा, उशीर होतो. मीही अशा कितीतरी पायऱ्या काढल्या आहेत आणि अप्रेझलमध्ये त्या लिहिल्या आहेत. हल्ली हात थोडा अडखळतो. पण पायरी ठेवली की सद्बुद्धी येते, असा भाबडेपणाही आता करवत नाही. बागेत पायरी होती, तेहतीस वेळा होती, आणि तेहतीस वेळा ओलांडली गेली. बोल्ट कुणाला विवेक देत नाही. तो फक्त सबब काढून घेतो. मला वाटतं, तेवढ्यासाठीही तो हवा.

आजोबांनी काय केलं ते मला कधीच कळणार नाही. ते वर मारत असतील, तर प्रत्येक वेळी नळी वर उचलायला त्यांना वेळ होता. नसतील मारत, तरी वेळ होता. ते मला शाळेत सोडायला यायचे, वाटेत खडकीची भिंत आली की माझा हात घट्ट धरायचे. रहदारीमुळे असेल.

रायफल मी विकलेली नाही. जुन्या काडतुसांच्या क्षारांनी नळी गंजते, म्हणून दर वेळी घरी आल्यावर आत उकळतं पाणी ओतून ती धुवावी लागते, मग पुसून तेल. रेंजवर मी अजूनही अठरा सेकंदांनी एक गोळी झाडतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने कानावरचे मफ सरकवून विचारलं, "अडकलीय का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. बोल्ट ओढला, आणि थांबलो.