अपठित महाकादंबरी आणि प्रतीक्षेची नैतिकता

एखादी दीर्घ आणि अभिजात म्हणून मान्यता पावलेली कादंबरी प्रथमच वाचावयास घेण्यापूर्वी वाचकाच्या मनात जी उत्सुकता असते, ती समीक्षेच्या कक्षेबाहेरची मानली जाते. ही वाचनापूर्वीची मनोवस्था आहे, संहितेशी तिचा संबंध नाही, असे आपण गृहीत धरतो. परंतु या उत्सुकतेत एक मूल्यात्मक प्रश्न दडलेला आहे. जी कृती आपण वाचलेलीच नाही, तिची ओढ आपल्याला लागते तेव्हा ती नेमकी कशाची ओढ असते? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात ज्ञानाच्या शोधासंबंधी असाच एक पेच मांडलेला आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याचा शोध घेता येत नाही. आणि जे ठाऊक आहे त्याचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. अपठित अभिजात कृतीच्या बाबतीत हा पेच सोडवते ती कृतीची कीर्ती. वाचक कीर्तीच्या आधारे कृतीची इच्छा करतो. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, कीर्तीचे बोट धरून कृतीकडे जाणारा वाचक त्या कृतीला न्याय देऊ शकतो काय?

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या सुमारास मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे आठवणे स्वाभाविक आहे. मात्र तिचा रोख प्रामुख्याने कृती प्रथम प्रकट होते त्या काळातील वाचकवर्गाकडे आहे. नवी कृती प्रचलित क्षितिजाला धक्का देते आणि त्या धक्क्यातून तिचे मूल्य प्रकट होते. अभिजात ठरलेल्या कृतीची अडचण वेगळीच असते. तिने एकेकाळी दिलेला धक्काच कालांतराने क्षितिजाचा भाग होऊन बसलेला असतो. वाचक तिच्याकडे येतो तो थोर वाटण्याच्या तयारीने. आणि ही तयारी वाचनाच्या आड येऊ शकते.

महाभारत-रामायणांच्या संदर्भात ए. के. रामानुजन यांनी असे निरीक्षण नोंदवले आहे की, आपल्याकडे ही काव्ये कोणीही ‘प्रथमच’ वाचत नाही. ती आधीपासून आपल्यात असतातच. कीर्तन, पुराण, घरातली गोष्ट या वाटांनी आलेली ओळख म्हणजे कीर्ती नव्हे, तो सहवास असतो. कादंबरीशी असा सहवास सहसा नसतो. ती एकट्याने, मुद्रित पानावर, पहिल्या वाक्यापासून वाचावी लागते. म्हणूनच ‘प्रथम वाचन’ ही कादंबरीच्या संदर्भात खरीखुरी आणि पुन्हा न येणारी घटना आहे.

या प्रश्नाचा विचार टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’च्या आधारे करणे विशेष उपयुक्त ठरेल. इंग्रजी अनुवादात बाराशे पानांच्या घरात जाणारी, साडेतीनशेहून अधिक प्रकरणांची ही कादंबरी ‘एकदा वाचायचीच आहे’ अशा पुस्तकांचा जणू आदर्श नमुना होऊन बसली आहे. परंतु तिच्या पहिल्या वाचकांपुढे असे काही नव्हते. १८६५ पासून ‘रुस्की वेस्तनिक’ या नियतकालिकात तिचा आरंभीचा भाग ‘१८०५’ या शीर्षकाने येऊ लागला, तेव्हा ही कृती कोठे जाणार आहे हे वाचकाला ठाऊक नव्हते. लेखकालाही ते पूर्णपणे ठाऊक होते असे म्हणवत नाही. १८६९ मध्ये ती ग्रंथरूपाने पूर्ण झाली. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने फ्रेंच संवाद रशियनमध्ये आणले आणि इतिहासचिंतनाचे भाग परिशिष्टात हलवले. नंतरच्या एका आवृत्तीत ते पूर्ववत झाले. ही कादंबरी आहे असेही तो निःशंकपणे म्हणावयास तयार नव्हता. तात्पर्य, आज ज्याला आपण अचल शिखर समजतो, ते घडत असताना अस्थिर होते.

येथेच एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. अभिजाततेकडे पाहण्याच्या आपल्या या रीतीवरची टीका खुद्द या कादंबरीतच आहे. टॉलस्टॉयचा इतिहासकारांवरील मुख्य आक्षेप असा की, ते घटनेकडे तिच्या शेवटाकडून पाहतात. मॉस्को जळाले, फ्रेंच सैन्य परतले, नेपोलियन हरला हे ठाऊक झाल्यावर, ते तसेच होणार होते आणि कोणीतरी तसे योजले होते, असे भासू लागते. प्रत्यक्ष घटनेच्या आत असलेल्या माणसाला मात्र असे काहीच दिसत नसते. बोरोदिनोची लढाई पाहावयास आलेला पिएर पांढरी टोपी घालून तोफखान्याच्या मोर्चावर भटकत राहतो. ‘लढाई’ नावाची वस्तू त्याला कोठेच सापडत नाही. ‘हा जगातील एक श्रेष्ठ ग्रंथ आहे’ या निष्कर्षापासून वाचनाला आरंभ करणारा वाचक टॉलस्टॉयच्या त्या इतिहासकारासारखाच असतो. प्रत्येक प्रकरण त्याला आधीच ठरलेल्या थोरवीचा पुरावा वाटू लागते. प्रथम वाचनाची खरी शक्यता पिएरच्या स्थितीत आहे: मधोमध उभे असणे आणि सगळे कोठे चालले आहे हे न कळणे.

याचा अर्थ प्रतीक्षाच त्याज्य ठरते असा नाही. प्रतीक्षेचे प्रकार वेगळे करावे लागतात, आणि तेही या कादंबरीने करून ठेवलेले आहेत. ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री वायरोथर हा सेनाधिकारी लढाईचा तपशीलवार आराखडा वाचून दाखवतो. उद्या काय घडेल हे त्याच्या लेखी कागदावर घडूनच गेलेले आहे. त्याच रात्री प्रिन्स आंद्रे आपल्या भावी कीर्तीचे चित्र मनात रंगवतो, आणि दुसऱ्या दिवशी जखमी होऊन पडल्यावर त्याला दिसते ते उंच आकाश, ज्याला त्या चित्रात स्थानच नव्हते. पुढे नताशाला आंद्रेसाठी वर्षभर थांबावे लागते. हा काळ तिला कोणाच्याही उपयोगी न पडता वाया चाललेला वाटतो. आणि या रितेपणाच्या जाणिवेतूनच आनातोलच्या प्रसंगाची वाट मोकळी होते. याउलट वायरोथरचे वाचन चालू असता डुलकी घेणारा कुतुझोव्ह पुढे धीर आणि काळ यांवरच आपली सारी भिस्त ठेवतो. त्याची प्रतीक्षा निष्क्रिय नाही. घडणाऱ्या गोष्टीवर आपली योजना न लादता तिच्याकडे लक्ष देत राहणे, असे तिचे स्वरूप आहे.

वाचकाच्या प्रतीक्षेलाही हे भेद लागू पडतात. काय मिळणार याचा आराखडा घेऊन येणारी प्रतीक्षा आहे; स्वतःची प्रतिमा उजळून घेऊ पाहणारी, ‘मी ती वाचली आहे’ असे म्हणता येण्याच्या क्षणाकडे डोळे लावून बसलेली प्रतीक्षा आहे; मधला काळ केवळ अडथळा मानणारी प्रतीक्षा आहे. या तिन्हींत कृतीचे परकेपण नाकारले जाते. चौथी प्रतीक्षा मात्र कृतीला तिचा स्वतःचा वेळ देऊ करते, आणि त्या बदल्यात काय मिळेल हे आधी ठरवत नाही. तिला मी नैतिक म्हणतो, कारण तीत अन्य कोणाचे तरी अन्यत्व मान्य केलेले असते.

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे विघ्न येथे प्रस्तुत आहे. स्वतःच्याच सुखदुःखांनी व्यापलेला प्रेक्षक रसास्वाद घेऊ शकत नाही. नाट्यात गीत, वाद्य, रंगमंडप यांनी हे विघ्न दूर होते. कादंबरीच्या वाचकापाशी यांपैकी काहीच नसते. माझ्या मते दीर्घ कादंबरीत हे कार्य तिची दीर्घताच करते, परंतु निराळ्या रीतीने. महिनाभर चालणाऱ्या वाचनात वाचकाची नोकरी, आजारपण, घरातली भांडणे हे सारे मध्ये येतच राहते. ते बाहेर ठेवता येत नाही. पण सहाशेव्या पानापर्यंत प्रतिष्ठेची हौस टिकत नाही, आणि केवळ औत्सुक्यही टिकत नाही. आपण बरोबर आणलेल्या अपेक्षा थकून गळून पडतात. उरतो तो रोस्तोव्ह कुटुंबाशी जडलेला परिचय. लघुकथेला हे साधणे अवघड, कारण अपेक्षा थकण्यापूर्वीच ती संपते. दीर्घतेचे मूल्य विस्तारात नसून या झिजण्यात आहे.

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. कीर्ती नसती तर बाराशे पाने वाचावयास कोण बसले असते? मराठी वाचक ही रशियन कृती बहुधा इंग्रजीच्या वाटेने गाठतो. ज्या कादंबरीत उमराव आपल्याच देशात फ्रेंच बोलतात, ती तिसऱ्याच भाषेतून वाचण्याचे हे कष्ट केवळ कीर्तीच्या भरवशावर तो घेतो. हे खरेच आहे. कीर्तीविना आरंभ नाही. परंतु कीर्ती ही उसनवारी आहे. तिने उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे. आत गेल्यावर वाचकाने ती परत केली पाहिजे. गुस्ताव्ह फ्लोबेरने १८८० मध्ये तुर्गेनेव्हला लिहिलेल्या पत्रात या कादंबरीच्या पहिल्या दोन खंडांची मनापासून वाखाणणी केली. तिसरा खंड घसरतो, लेखक पुनरुक्ती करतो आणि तत्त्वज्ञान सांगू लागतो, अशी तक्रारही केली. ही तक्रार मान्य होवो वा न होवो, तीत प्रथम वाचनाचे स्वातंत्र्य दिसते. आज या कादंबरीच्या दुसऱ्या उपसंहाराला कंटाळलेला विद्यार्थी तसे बोलण्यास धजत नाही. तो आपल्यातच काही न्यून असावे असे मानतो.

अध्यापकाची जबाबदारी येथे सुरू होते. विद्यापीठीय व्यवहारात अभिजात कृती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ती सारांश, आशयसूत्रे आणि मान्यवरांचे अभिप्राय या रूपांत. त्यामुळे कथानक आधीच कळते हा त्यातला मोठा दोष नव्हे. प्रस्तुत लेखातही काही प्रसंग उघड झालेच आहेत, आणि त्याने काही आश्चर्ये हिरावली गेली हे मान्य केले पाहिजे. तरीही १८१२ ची मोहीम कशी संपली हे टॉलस्टॉयच्या पहिल्या वाचकांनाही ठाऊक होते. खरी हानी होते ती निर्णय आधी हाती दिला जाण्याने. प्रसंग माहीत असलेल्या विद्यार्थ्यालाही नताशाच्या त्या वर्षातून स्वतःच जावे लागते. पण त्या वर्षाचा ‘अर्थ’ पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला त्यातून जाण्याचे कारणच राहत नाही. त्याची प्रतीक्षा आरंभापूर्वीच संपलेली असते, आणि तरीही त्या कृतीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे असे त्याला वाटते. न वाचण्यापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण न वाचणाऱ्यापाशी निदान वाचण्याची शक्यता शिल्लक असते.

यावरून अध्यापकापुरते एक मर्यादित कर्तव्य निष्पन्न होते. ज्या विद्यार्थ्याने कादंबरी अद्याप वाचलेली नाही त्याला ती श्रेष्ठ का आहे हे सांगण्याऐवजी, ती केव्हा लिहिली गेली, तीत कोण कोणाचे कोण लागते, आणि आरंभीच्या दिवाणखान्यातील गर्दीत गोंधळून जाणे स्वाभाविक कसे आहे, एवढेच सांगावे. शेवटच्या पानानंतर तो परत येईल तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यास आपण मोकळे असू. त्याला ती आवडली नसेल, तर ते ऐकून घेण्याची तयारी आपल्यापाशी असली पाहिजे.