ओडिनची शिळा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर, स्टेनेसचं शिळावर्तुळ आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्याजवळ आणखी एक शिळा एकटीच उभी असे. माणसाहून उंच आणि मध्ये आरपार भोक. लोक तिला ओडिनची शिळा म्हणत. लग्नाचं वचन द्यायचं तर दोघांनी दोन बाजूंना उभं राहून त्या भोकातून एकमेकांचा हात धरायचा. ते वचन मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नसे. दुखण्याबाण्यापासून राखण व्हावी म्हणून तान्ही मुलं त्यातून आरपार काढत. येणारा माणूस भाकरीचा तुकडा, चीज, नाहीतर एखादी चिंधी तिथे ठेवून जाई. शिळा कोणी आणि कशासाठी उभारली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओडिन तर फार नंतर आलेल्या नॉर्स लोकांचा देव. आपल्याकडे शेंदूर लागलेल्या धोंड्याला नांगर वळसा घालतो, तसलंच या शिळेला श्रद्धेचं संरक्षण होतं.

डिसेंबर १८१४ मध्ये कॅप्टन मॅके नावाच्या कुळाने ती फोडली. हा गडी बाहेरून आलेला. शिळेकडे जाणाऱ्यांची सारी वर्दळ त्याच्या शेतातून होई, त्याला तो विटला होता. मग वर्तुळातली एक शिळा त्याने फोडली आणि एक आडवी पाडली. गावकऱ्यांनी दोनदा त्याचं घर पेटवायचा प्रयत्न केला. शेवटी कसंबसं त्याला आवरलं.

मॅकेचं समर्थन होऊच शकत नाही. तरी त्याची बाजू माझ्या मनातून जात नाही. शिळा साऱ्या गावाची होती, तुडवलं जाणारं पीक मात्र एकट्याचं.

ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा आला तो १८८२ मध्ये. त्याच्या यादीत स्टेनेस होतं; पण मालकाने आपणहून स्मारक सरकारच्या देखभालीखाली दिलं नसेल, तर खुद्द त्याला अडवण्याची तरतूद नव्हती. मालमत्तेपुढे कायदाही बिचकत होता! १९०६ मध्ये वर्तुळ सरकारी देखभालीखाली आलं आणि मॅकेने पाडलेली शिळा पुन्हा उभी राहिली. फोडलेल्या दोन्ही गेल्या त्या गेल्याच.

१९९९ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. शेजारच्या ब्रॉडगरच्या वर्तुळात पर्यटकांच्या पायांनी गवत उडून चिखल होतो, म्हणून आतली वाट अधूनमधून बंद ठेवतात. तक्रार मॅकेचीच, पण आता शिळा राखणारेच ती करतात.