टणक बी

शास्त्रपाठ: मार्क 4:26-29



बेळगावच्या पूर्वेकडील कोरड्या माळापासून हैदराबादच्या खडकाळ रानापर्यंत पिवळ्या फुलांचा तरवड आपण पाहिला आहे. त्याची साल कातडी कमावण्यास पूर्वापार वापरली गेली. 2014 साली स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने त्याचे फूल राज्यपुष्प मानले आहे. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि पाऊस ओढ देतो तेव्हाही तो तग धरतो. मंदिराच्या आवारात लावावे असेच हे झुडूप आहे.

पण त्याचे बी शेंगेतून काढून तसेच पेरले, तर पुष्कळसे उगवत नाही. महिनाभर वाट पाहून आपण म्हणतो, "बी मेले," आणि कुंडीतली माती ओतून टाकतो. वास्तविक बी जिवंत असते. त्याचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. ही देवाचीच योजना होय. एखाद्या अवकाळी सरीने सगळे बी एकदम उगवले असते, तर पुढच्या उन्हात सगळेच करपले असते. म्हणून काही यंदा उगवते, काही पुढे केव्हातरी.

जाणता माणूस ते बी पॉलिश पेपरवर हलके घासतो, किंवा चुलीवरून उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू देतो. फुगलेले बी तो पेरतो. न फुगलेले पुन्हा भिजत घालतो. मात्र बी चुलीवर उकळीत नाही, कारण त्याने आतला अंकुरच मरतो.

आपल्या मंडळीतही असे बी आहे. शब्बाथशाळेत वचने पाठ म्हणणारा मुलगा आज उपासनेला येत नाही. एखादी भगिनी वर्षानुवर्षे प्रार्थनासभेत मुकी बसते. आपण निकाल देऊन मोकळे होतो. कोणी भेटायला गेलाच, तर उपदेशाचे उकळते पाणी घेऊन जातो. प्रभूच्या दाखल्यातील पेरणाऱ्याला मात्र बी कसे वाढते हे कळतही नाही. उगवण देवाची आहे. पेरणे, भिजवणे आणि वाट पाहणे एवढे आपल्याकडे आहे.

तेव्हा ज्याचे नाव आपण मनातून खोडले आहे, अशा एकाच्या घरी ह्या महिन्यात जाऊ या. जाब विचारू नये. त्याच्याबरोबर चहा घ्यावा, त्याचे ऐकावे, त्याची हरकत नसल्यास प्रार्थना करावी, आणि पुन्हा जावे. कुंडी रिकामी करण्याची घाई नको.

देवपिता आपणां सर्वांस हा धीर देवो. आमेन.