निवाड्याची घाई

अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये साखळी सामन्यांचा शेवटचा रविवार मावळला, की दुसऱ्या दिवशी सकाळपासून बडतर्फीचे हुकूम सुटू लागतात. पराभूत संघांचे मालक एकामागून एक पत्रकारांपुढे येतात, गेलेल्या प्रशिक्षकाच्या सचोटीविषयी दोन शब्द बोलतात आणि नव्या तजविजीचे आश्वासन देतात. आणि आम्ही चाहते, ज्यांनी हिवाळाभर त्या प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडलेली असतात, काही मोठा न्याय झाल्याच्या समाधानाने पुढल्या हंगामाची वाट पाहू लागतो. तिकडे या दिवसाला ‘काळा सोमवार’ असे नावच पडले आहे. ज्या संघात नुकताच एखादा वीस-बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, घेतलेला असतो आणि त्याचा पहिला हंगाम वाईट गेलेला असतो, त्या संघापुरता मात्र हा दिवस मला न्यायाचा वाटत नाही. त्या दिवशी बदलतो तो केवळ अधिकारी नव्हे. त्या मुलाने वर्षभर रात्री जागून जी विद्या अर्धीमुर्धी आत्मसात केलेली असते, ती सगळी एका हुकुमासरशी रद्दबातल होते, आणि पुढच्या वर्षी तो चुकला की ती चूक पुन्हा त्याच्याच खात्यावर मांडली जाते.

हे मी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाचा चाहता म्हणून लिहीत आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर ॲलेक्स स्मिथ आहे. 2005 च्या एप्रिलमध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, या संघाने सर्व खेळाडूंतून पहिला म्हणून त्याची निवड केली, तेव्हा त्याला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आदल्या हंगामात यूटा विद्यापीठाचा संघ त्याच्या नेतृत्वाखाली एकही सामना हरला नव्हता. उलट फोर्टीनाइनर्सनी सोळांपैकी दोनच सामने जिंकले होते. जवळजवळ पाच कोटी डॉलरांचा करार त्याच्याशी झाला. ज्या मैदानावर जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग यांनी पराक्रम गाजवले, त्याच कॅन्डलस्टिक पार्कवर, एका मोडकळीस आलेल्या संघाचा भार त्याच्या खांद्यावर देण्यात आला. पहिल्या वर्षी त्याने एकच टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा पास, टाकला आणि त्याचे अकरा पास प्रतिपक्षाने मध्येच झेलले. ‘पैसे बुडाले’ हा निवाडा शहराने तेव्हाच मनोमन लिहून ठेवला.

त्यानंतर काय घडले याची जंत्री लांबलचक आहे, पण ती पुरती वाचल्यावाचून माझा मुद्दा उभा राहत नाही. माइक नोलन हे मुख्य प्रशिक्षक बचावाच्या बाजूचे तज्ज्ञ. त्यांच्यामागून आलेले माइक सिंगलटरी हेही एके काळचे थोर बचावपटू. साहजिकच आक्रमणाचा सारा कारभार, म्हणजे क्वार्टरबॅकचे शिक्षणही, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नावाच्या दुय्यम अधिकाऱ्यावर सोपवलेला असे. 2005 मध्ये तो अधिकारी माइक मॅकार्थी होता. वर्ष संपताच ग्रीन बे पॅकर्सनी त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. 2006 मध्ये नॉर्व टर्नर आला, स्मिथने सोळा टचडाउन पास टाकले, फ्रँक गोरने धावून 1,695 यार्ड मिळवले, संघ सात सामने जिंकला आणि काहीतरी मूळ धरीत आहे असे वाटू लागले. तोच सॅन डिएगोच्या मालकाने चौदा सामने जिंकून केवळ दोन हरलेल्या मार्टी शॉटनहायमर या मुख्य प्रशिक्षकाला 2007 च्या फेब्रुवारीत बडतर्फ केले आणि त्या रिकाम्या जागेवर टर्नरची नेमणूक केली. दुसऱ्या शहरातील एका मालकाच्या नाराजीचा धक्का आमच्या बावीस वर्षांच्या मुलाला बसला. इतक्या उशिरा बाहेरचा माणूस कुठला मिळणार? म्हणून जिम होस्टलर या कनिष्ठ प्रशिक्षकास बढती देण्यात आली, आणि आक्रमणात आमचा संघ बत्तीस संघांत शेवटचा आला. 2008 मध्ये माइक मार्ट्झ, 2009 मध्ये जिमी रे. 2010 मध्ये पहिले तीन सामने हरताच रेला काढून माइक जॉन्सन. आणि 2011 मध्ये नवे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांच्याबरोबर आलेला ग्रेग रोमन. सात हंगामांत सात कोऑर्डिनेटर.

हा बदल बाहेरून पाहणाऱ्याला केवळ माणसांचा वाटतो. आतून तो कसा असतो हे पाहायचे, तर हडलमध्ये, म्हणजे दोन डावांच्या मध्ये खेळाडू डोकी जुळवून उभे राहतात त्या कोंडाळ्यात, क्षणभर कान लावावा लागेल. एक डाव संपल्यापासून दुसरा सुरू करण्यास एकंदर चाळीस सेकंदांची मुदत. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील यंत्रातून येतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद पडतो. तेवढ्या वेळात जे ऐकले ते दहा जणांना बिनचूक सांगायचे, रेषेपाशी येऊन समोरच्या बचावाची मांडणी न्याहाळायची, फसवणूक दिसल्यास डाव बदलायचा आणि चेंडू हाती येताच अडीच-तीन सेकंदांत तो कोणाला द्यायचा याचा निर्णय करायचा. मॅकार्थी ज्या परंपरेत वाढला, ती बिल वॉल्श यांची; तिच्यात डाव म्हणजे दहा-बारा शब्दांची एक माळच असते: रांग कशी, कोण सरकणार, संरक्षण कोणत्या बाजूने, कोणी कोणत्या वाटेने धावायचे, हे सारे शब्दांत. टर्नर आणि मार्ट्झ डॉन कोरयेल यांच्या संप्रदायातले. तेथे रिसीव्हरांच्या, म्हणजे पास झेलणाऱ्यांच्या, वाटा आकड्यांनी ओळखतात आणि तीन अंकांची एक संख्या उच्चारली की तीन माणसांचे मार्ग ठरून जातात. दोन्ही पद्धती उत्तम, दोन्हींनी सुपर बोल, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकून दिलेले. परंतु एका पद्धतीत जे डोळ्यांना शिकवले, ते दुसरीत विसरावे लागते. वॉल्श यांच्या शिकवणीत तर पावलेसुद्धा वाटांशी बांधलेली असतात: मागे जाताना तिसऱ्या पावलाला चेंडू सुटायचा की पाचव्या, हे रिसीव्हर कोठे वळणार यावर ठरते. ज्याच्या पायांना गेल्या वर्षी एक ताल शिकवला, त्याला या वर्षी दुसरा धरायला लावले, तर तो क्षणभर थबकणारच. आणि या खेळात त्या क्षणभरात सव्वाशे-दीडशे किलोंचा माणूस अंगावर येऊन आदळलेला असतो.

2007 च्या सप्टेंबरअखेर सिएटलविरुद्ध असाच एक माणूस आदळला आणि स्मिथचा उजवा खांदा निखळला. तो लवकर परतला, दुखऱ्या खांद्याने खेळला आणि वाईट खेळला. दुखते आहे असे त्याने उघड सांगितले, तेव्हा त्याच्याच मुख्य प्रशिक्षकाने त्या कैफियतीविषयी जाहीर शंका घेतली. पुढे शस्त्रक्रिया झाली, 2008 चा सारा हंगाम वाया गेला. एका तरुणाच्या दुखण्याविषयी त्याच्या वरिष्ठाने चारचौघांत असा अविश्वास दाखवावा, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आम्हा चाहत्यांकडे वळतो. 10 ऑक्टोबर 2010 च्या रात्री कॅन्डलस्टिकवर फिलाडेल्फियाविरुद्ध सामना चालू असता प्रेक्षकांनी एक घोष सुरू केला: आम्हाला कार पाहिजे! डेव्हिड कार हा राखीव क्वार्टरबॅक. आणि हा कार कोण? 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नव्याने जन्मलेल्या संघाने ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला, संरक्षणाची भिंत नसलेल्या संघात लोटून दिलेला आणि त्या एका हंगामात 76 वेळा चेंडूसकट भुईसपाट केला गेलेला तरुण. ज्या रीतीने एक मुलगा आधीच बरबाद झाला होता, त्याच रीतीने बरबाद होत असलेल्या दुसऱ्याच्या जागी हजारो माणसे त्याला मागत होती. सिंगलटरींनी स्मिथला बाहेर काढण्याचे जवळजवळ ठरवले होते. बाजूच्या रेषेवर दोघांचा शब्दाला शब्द वाढला, स्मिथ मैदानावर राहिला आणि त्याने दोनदा संघाला टचडाउनपर्यंत नेले. सामना मात्र संघ 27–24 असा हरलाच. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला नाराजी व्यक्त करण्याचा हक्क नाही असे मी म्हणत नाही. परंतु ती नाराजी कोणाच्या दारात नेऊन टाकावी, याचे तारतम्य प्रेक्षकाला हवे. क्वार्टरबॅक समोर दिसतो. ज्याने नेमणुका केल्या, करार केले, रेषेतले संरक्षक घेतले किंवा घेतले नाहीत, तो मालक काचेआड बसलेला असतो.

कोणी म्हणेल, की स्मिथच मुळात बेताचा होता. याच ड्राफ्टमध्ये चोविसावा निवडला गेलेला ॲरन रॉजर्स कोठल्या कोठे गेला! स्मिथ हा रॉजर्स नव्हता, हे मी विनातक्रार मान्य करतो. रॉजर्सच्या हातात जे होते ते शिकवून येत नाही. पण मग रॉजर्सला काय मिळाले तेही पाहावे. तीन वर्षे तो ब्रेट फार्वच्या मागे बसला. 2008 मध्ये खेळू लागला तेव्हा 2006 पासून जो प्रशिक्षक होता तोच 2018 पर्यंत राहिला. आणि तो प्रशिक्षक म्हणजे पहिल्या वर्षानंतर स्मिथच्या हातून गेलेला तोच माइक मॅकार्थी. देणगी निसर्गाची खरी, पण ती फळाला येण्यास लागणारा अवधी संघच देतो. पिट्सबर्गच्या टेरी ब्रॅडशॉने 1970 मध्ये पहिल्या वर्षी सहा टचडाउनांपुढे चोवीस पास प्रतिपक्षाच्या हाती दिले होते, आणि 1974 मध्ये त्याला बाकावरही बसवले गेले. पण मुख्य प्रशिक्षक चक नोल हलले नाहीत. 1969 मध्ये पहिल्याच हंगामात एक सामना जिंकून तेरा हरलेल्या नोल यांनाही मालकांनी हलवले नव्हते. पुढे त्या जोडीने चार सुपर बोल जिंकले. इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगचे 1998 मध्ये अठ्ठावीस पास झेलले गेले. त्याचा मुख्य प्रशिक्षक पुढे बदलला, पण टॉम मूर हा कोऑर्डिनेटर आणि त्याचे प्लेबुक, म्हणजे डावांची पोथी, राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रशिक्षक बदलल्यानेच तरुण क्वार्टरबॅक सावरल्याची उदाहरणे आहेत. जॅरेड गॉफ 2016 मध्ये रॅम्स संघाकडून खेळलेले सातही सामने हरला. मग मुख्य प्रशिक्षक म्हणून तीस वर्षांचा शॉन मॅकव्हे आला आणि दोन वर्षांत तो संघ सुपर बोलपर्यंत गेला. आणि आमच्या स्मिथचेच घ्या: हार्बो आले हाही बदलच होता. म्हणून बदल सरसकट त्याज्य आहे असे माझे म्हणणे नाही. माझी फिर्याद आहे ती उद्देशाविरुद्ध. मॅकव्हेला बोलावण्यात गॉफला काय शिकवायचे याचा विचार होता. हार्बो स्वतः या लीगमध्ये अनेक वर्षे क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले. त्यांनी स्मिथशी बोलून, त्याला पारखून, ‘हा माझा माणूस’ असे आधी ठरवले आणि मग काम सुरू केले. याउलट तीन पराभवांनंतर रे यांना काढण्यात लोकांच्या रागाला काहीतरी नैवेद्य दाखवण्यापलीकडे मला काही दिसत नाही. मुलाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

2011 च्या उन्हाळ्याची हकीगत मला सर्वांत प्रिय आहे. मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे मार्चपासून जुलैपर्यंत लीगला टाळे लागलेले. प्रशिक्षकांना खेळाडूंशी बोलण्यासही मनाई. स्मिथचा करार संपलेला, नवा झालेला नाही. कायद्याने तो कोणाचाच नोकर नव्हता. हार्बोंचे प्लेबुक मात्र त्याच्या हाती आले होते. त्याने आपले सहकारी सॅन होसे येथील विद्यापीठाच्या मैदानावर गोळा केले आणि वेतन नसता, अधिकार नसता, नवी पद्धत त्यांना समजावून दिली. सहा वर्षे शिष्यत्वाची विटंबना सोसलेला माणूस गुरूच्या गैरहजेरीत गुरूचे काम करीत होता. त्या हंगामात संघाने तेरा सामने जिंकले, स्मिथने सतरा टचडाउनांपुढे केवळ पाच पास गमावले, आणि 14 जानेवारी 2012 रोजी न्यू ऑर्लीन्सविरुद्ध, शेवटच्या चार-साडेचार मिनिटांत तीन वेळा आघाडी इकडून तिकडे गेल्यावर, अवघे नऊ सेकंद उरले असता त्याने व्हर्नन डेव्हिसला चौदा यार्डांचा पास देऊन 36–32 असा विजय मिळवला. डेव्हिस रडत बाहेर आला; आम्हा पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांचे डोळेही कोरडे नव्हते.

अलीकडे तर मुदत आणखी आखडली आहे. 2011 च्या नव्या करारनाम्यानंतर नवोदितांचे वेतन कमी झाले. क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवरच जिंकून घ्यावे असा हिशेब मालक मांडू लागले, आणि पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला पाचवे वर्ष द्यायचे की नाही याचा फैसला तिसऱ्या हंगामानंतर करावाच लागतो. 2023 मध्ये कॅरोलिनाने ब्राइस यंगला पहिला निवडले आणि अकरा सामन्यांनंतर त्याचा मुख्य प्रशिक्षक घालवला; दुसऱ्या वर्षी दोन सामने होताच त्यालाच बाकावर बसवले. 2024 मध्ये शिकागोने केलेब विल्यम्सला पहिला निवडले, आणि नोव्हेंबरातच आधी कोऑर्डिनेटर, मग मुख्य प्रशिक्षक घालवला; तो मुलगा त्या हंगामात 68 वेळा चेंडूसकट पाडला गेला. ज्या संघाने पहिल्या क्रमांकाने मुलगा निवडला, त्याने किमान तीन हंगाम एकच प्लेबुक त्याच्यापुढे ठेवण्याची हमी स्वतःवर घेतली पाहिजे, आणि प्रशिक्षक नेमताना, तो उद्या गेला तर ते प्लेबुक कोण चालवील, याची तजवीज आजच केली पाहिजे. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी कॅन्सस सिटीकडे पाहावे. 2013 मध्ये स्मिथ तेथे गेला, तो अँडी रीड यांच्या हाताखाली. पाच वर्षे एकच प्रशिक्षक, एकच पद्धत. पाचही हंगामांत संघाने हरल्याहून अधिक सामने जिंकले. 2017 मध्ये संघाने पॅट्रिक महोम्सला निवडले, तो आपल्या जागेवर येणार हे स्मिथला पक्के ठाऊक होते. तरी त्या वर्षी पासिंगच्या गुणांकनात साऱ्या लीगमध्ये तो पहिला आला, आणि आठवड्याची तयारी कशी करायची हे त्याने महोम्सपासून लपवून ठेवले नाही. महोम्स ते ऋण जाहीरपणे मानतो. तो पहिले वर्ष बसून शिकला, अखेरचा एकच सामना खेळला आणि दुसऱ्या वर्षी त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, त्याच प्लेबुकातून त्याने पन्नास टचडाउन पास टाकले.