निवडीचा पहिला अधिकार धाकट्याचा

द्वारकेत श्रीकृष्ण निद्रिस्त असताना दुर्योधन व अर्जुन एकाच दिवशी त्यांचे साहाय्य मागण्यास गेले, ही महाभारताच्या उद्योगपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. दुर्योधन आधी पोहोचला आणि उशाशी श्रेष्ठ आसनावर बसला. अर्जुन मागाहून आला आणि पायथ्याशी हात जोडून उभा राहिला. भगवंत जागे झाले तेव्हा दृष्टी प्रथम अर्जुनावर पडली. मग त्यांनी दोन पर्याय पुढे ठेवले. एकीकडे लढवय्या गोपांची प्रचंड नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारे व युद्ध न करणारे ते स्वतः. निवडीचा पहिला मान मात्र त्यांनी आधी येऊन बसलेल्या दुर्योधनास दिला नाही. वयाने जो धाकटा, त्याने प्रथम निवडावे, असे ते म्हणाले. कीर्तनात या प्रसंगी अर्जुनाच्या भक्तीचे वर्णन रंगते आणि ते योग्यच आहे; पण धाकट्यास आधी विचारण्याची ही रीत बहुधा श्रोत्यांच्या कानांवरून निघून जाते.

त्याच कथेत पुढे आणखी एक बारकावा आहे. सेना मिळाली म्हणून दुर्योधन संतुष्ट होऊन गेला, आणि त्यानंतर भगवंतांनी अर्जुनास विचारले की, मी लढणार नाही हे ठाऊक असून कोणत्या विचाराने तू मला निवडलेस? हा प्रश्न निवडीनंतरचा आहे. निवडीपूर्वी तोच प्रश्न विचारला असता तर त्याचा अर्थ ‘पुन्हा विचार कर’ असा झाला असता, आणि थोरल्याच्या तोंडचे ‘पुन्हा विचार कर’ म्हणजे नकारच होय, हे प्रत्येक घरातील मुलांना पक्के ठाऊक असते.

ज्येष्ठ-आषाढाच्या दिवसांत आज भारतभर असंख्य घरांत हाच प्रसंग उभा राहतो. बारावी झालेला मुलगा वा मुलगी, समोर दोन-तीन महाविद्यालयांतील जागा, आणि भोवती सल्ला देणारे आप्त. अभियांत्रिकीचेच उदाहरण घ्यावे. २०१५ सालापासून आय.आय.टी., एन.आय.टी. आदी केंद्रीय संस्थांतील जागांचे वाटप एकत्रित होते. विद्यार्थ्याने संस्था व शाखा यांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने भरावयाची; ती एकदा कायम झाली की पुढील फेऱ्यांत क्रम बदलता येत नाही. जागा मिळाल्यावर शुल्क भरून ‘फ्रीझ’ म्हटले तर तीच जागा पक्की. ‘स्लाइड’ म्हटले तर त्याच संस्थेतील यादीत वर असलेल्या शाखेची वाट पाहता येते. ‘फ्लोट’ म्हटले तर यादीत वर असलेल्या कोणत्याही जागेची. मात्र वरची जागा मिळताच हातातली आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही.

या व्यवस्थेचे मर्म पुष्कळ पालकांच्या ध्यानी येत नाही. मिळण्याचा संभव कमी म्हणून आवडती जागा यादीत खाली ढकलण्याने काहीच लाभ होत नाही. ती वर ठेवली आणि मिळाली नाही, तरी खालची संधी त्यामुळे बुडत नाही. उलट, मनात नसलेली जागा ‘पाहू तर खरे’ म्हणून वर ठेवली, तर ती मिळते आणि हवी असलेली जागा घेऊन जाते. म्हणजे खरा निर्णय फेरीच्या दिवशी होतच नाही. तो यादी लिहिण्याच्या रात्री होऊन गेलेला असतो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अनिश्चयी पुरुषाच्या बुद्धीस ‘बहुशाखा’ म्हटले आहे. त्या शब्दाचा अभियांत्रिकीच्या शाखांशी संबंध नाही हे खरे. तरी शंभर-दीडशे पर्यायांची यादी पुढ्यात घेऊन मध्यरात्री बसलेल्या कुटुंबास तो शब्द आपल्यासाठीच योजिला आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही.

असे समजावे की इंदूरमधील एका मराठी घरात ती रात्र आहे. कन्येला स्थापत्य अभियांत्रिकी हवी आहे. त्या शहराचे पाणी सुमारे ७० कि.मी. अंतरावरील जलूद येथून, नर्मदेतून, उपसून डोंगर चढवून आणतात. लहानपणी ते पाहिल्यापासून तिच्या मनात पाण्याखेरीज दुसरे काही नाही. भोपाळच्या एन.आय.टी.त ती शाखा मिळण्याजोगी आहे. काकांचे मत संगणकाचे. वडील काही बोलत नाहीत, पण यादीच्या शिरोभागी दूरच्या एका आय.आय.टी.तील धातुशास्त्र त्यांनी स्वतःच्या हाताने चढविले आहे. तीस वर्षांपूर्वी तीच प्रवेशपरीक्षा ते दोनदा देऊन अनुत्तीर्ण झाले होते, हे घरात आजीखेरीज कोणास ठाऊक नाही.

येथे गीतेचा पहिला अध्याय पाहावा. अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेण्यास सांगितले. मधली जागा विस्तीर्ण होती. सारथ्यास रथ कोठेही उभा करता आला असता. त्याने तो नेमका भीष्म व द्रोण यांच्या समोर नेला. जे पाहणे सर्वांत कठीण, तेच प्रथम दाखविले. आपल्या घरांत याच्या उलट घडते. मुलाचे मन दुखू नये म्हणून घरातील कर्ज लपविले जाते, आणि मग ‘तुला हवे ते कर’ असे औदार्याने म्हटले जाते. पुढ्यात काय आहे हे ज्याला दाखविले नाही, त्याला दिलेले स्वातंत्र्य नुसते नावाचे. खर्चाचा आकडा मुलास कळलाच पाहिजे. आय.आय.टी.चे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ साली ९० हजारांवरून २ लाखांवर गेले; त्याच वेळी वार्षिक उत्पन्न १ लाखाहून कमी असलेल्या कुटुंबांस पूर्ण, व १ ते ५ लाख असलेल्यांस दोन-तृतीयांश माफी ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. पण कर्ज फेडावे लागतेच, आणि ते कोण फेडणार हेही त्या रात्रीच बोलले गेलेले बरे.

आणि पैशाहूनही अवघड सत्य म्हणजे वडिलांची स्वतःची अपुरी राहिलेली इच्छा. तीही रथासमोर उभी करावी लागते. त्या गृहस्थाने अखेर तेच केले. बँकेचे पासबुक टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘हे सर्वांत वरचे नाव तुझे नव्हे, माझे आहे. मी दोनदा नापास झालो, म्हणून ते तिथे आहे.’ कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, आधी सांगितले असते तर मी ते खरेच माझे समजून घेतले नसते.’

सतरा वर्षांच्या मुलास काय कळते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. अर्जुनासही पहिल्या अध्यायात काही कळत नव्हते. त्याचे हातपाय कापत होते. परंतु म्हणून भगवंतांनी त्याच्या वतीने धनुष्य उचलले नाही, आणि त्याला तसाच सोडूनही दिले नाही. अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, सर्व सांगून झाल्यावर, याचा नीट, काही शेष न ठेवता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे ते म्हणतात. हे वाक्य ज्या ठिकाणी आहे तेथेच ते शोभते. जो पिता पहिल्या दिवशीच ‘तुझी मर्जी’ म्हणून वृत्तपत्रात तोंड खुपसतो, त्याने मधले सोळा अध्याय गाळले आहेत. आणि जो शेवटपर्यंत ते वाक्य उच्चारत नाही, त्याचे गीतावाचन शेवटच्या अध्यायात अडले आहे.

त्यापुढील श्लोकांत भगवंत पुन्हा बोलतात, तू मला अत्यंत प्रिय आहेस म्हणून तुझे हित पुन्हा सांगतो असे म्हणतात, हे कोणी दाखवून देईल. ते खरे आहे. प्रिय माणसास एकदा सांगून राहवत नाही, आणि ‘तुझी इच्छा’ म्हटल्यावरही आईच्या ओठांवर आणखी एक वाक्य येते. ते तिने बोलावे. त्रेसष्टाव्या श्लोकात दिलेली मुभा त्या पुढल्या बोलण्याने परत घेतलेली नाही, एवढे मात्र ध्यानात राहावे. स्वधर्म या शब्दाचाही येथे दोन बाजूंनी छळ होतो. कोणी त्याचा अर्थ ‘बापाचा धंदा’ असा करतो, तर कोणी ‘या महिन्यातील आवड’ असा. गीतेत त्याची सांगड स्वभावाशी घातली आहे, आणि स्वभाव पुष्कळ वर्षे पाहिल्यावाचून कळत नाही. तो पाहण्याची संधी आईबापांएवढी कोणास मिळालेली असते?

कन्येने भोपाळचे स्थापत्य सर्वांत वर लिहिले. धातुशास्त्राचे नाव तिने यादीतून काढले नाही. ते तिसऱ्या स्थानी ठेवले. यादी कायम झाल्यावर वडिलांनी विचारले, ‘आता सांग, हेच का निवडलेस?’ द्वारकेत अर्जुनाने उत्तर दिले होते की, भगवंतांनी आपले सारथ्य करावे ही फार दिवसांची इच्छा होती. येथे उत्तर जलूदपासून सुरू झाले आणि पहाट होईपर्यंत चालले. आजीही उठून बसली होती.

पुढे श्रावणात ती भोपाळला गेली. पहिल्या सत्रात गणितात मागे पडली, वसतिगृहातील अन्न सोसेना, रात्री फोनवर रडली. ‘तूच निवडलेस ना’ हे वाक्य अशा वेळी जिभेवर तयार असते. द्रोणपर्वात युद्धाच्या चौदाव्या दिवशी, जयद्रथाचा माग काढीत असताना, अर्जुनाचे घोडे बाणांनी विंधलेले व तहानेने व्याकूळ झालेले होते. युद्ध करण्याचा निर्णय अर्जुनाने स्वतः घेतलेला होता. श्रीकृष्णांनी भर रणांगणात रथ थांबविला, घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण आपल्या हातांनी उपटून काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले, आणि मग पुन्हा रथास जुंपले. इंदूरचे ते गृहस्थ त्या शनिवारी सकाळच्या बसने भोपाळला गेले. सोबत आजीने केलेल्या लाडवांचा डबा होता आणि गणिताची एक जुनी वही, तीस वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षरातली.